लाकूड कोणाच्या हिशेबात? पुण्यातील एका पर्जन्यवृक्षाच्या छाटणीचे प्रकरण

पुण्याच्या पश्चिम भागातील एका जुन्या सोसायटीने एप्रिल महिन्यात आवारातील पर्जन्यवृक्षाच्या छाटणीसाठी तीन दरपत्रके मागवली. पहिले १८,००० रुपयांचे आले, दुसरे २६,००० चे आणि तिसरे ३९,००० चे. झाड एकच, काम वरवर पाहता एकच आणि दरात मात्र दुपटीहून अधिक अंतर. तिसरा ठेकेदार अवाच्या सवा मागतो आहे असे कार्यकारिणीला वाटले, यात नवल नव्हते. प्रस्तुत प्रकरण त्या तिसऱ्या ठेकेदाराचे आहे. सोसायटी, व्यवसाय आणि व्यक्ती यांची नावे येथे दिलेली नाहीत. रकमा त्या हंगामातील आणि त्या कामापुरत्या आहेत; त्या बाजारभाव म्हणून वाचू नयेत.

झाडांची छाटणी आणि निगा यांचा हा व्यवसाय एक जोडपे चालवते. पतीने कृषी पदविका घेतलेली आहे आणि ते स्वतः झाडावर चढतात; पुढे व्यवसायाचे ‘मालक’ म्हटले आहे ते तेच. पाहणी, दरपत्रके, परवानग्या, हजेरी आणि वसुली पत्नीकडे असते. कामगार आणि ग्राहक दोघेही त्यांना ताई म्हणतात, म्हणून येथेही तोच उल्लेख ठेवला आहे. आणखी एक अनुभवी चढणारा कायम पगारावर आहे आणि खाली काम करणारी तीन माणसे रोजंदारीवर येतात. झाडावर एका हाताशी राहील अशी लहान चेनसॉ, जमिनीवर ओंडके करण्यासाठी मोठी चेनसॉ, दोर, कप्प्या, कमरेचे आणि मांड्यांचे पट्टे, हेल्मेटे एवढे साहित्य स्वतःचे आहे. टेम्पो भाड्याने घेतात. बूम लिफ्ट परवडत नाही आणि जुन्या सोसायट्यांच्या फाटकातून ती बहुधा आतही जात नाही.

या व्यवसायाचे वर्ष सारखे चालत नाही. एप्रिलपासून जूनच्या मध्यापर्यंत फोन थांबत नाही, कारण पाऊस तोंडावर आला की प्रत्येक सोसायटीला आपले झाड आठवते. जुलै-ऑगस्टमध्ये पडलेल्या आणि अडकलेल्या फांद्यांची तातडीची कामे येतात. रस्त्यावर पडलेले झाड अग्निशमन दल हलवते, पण आवारातले उरलेले ओंडके सोसायटीलाच उचलून घ्यावे लागतात. हिवाळ्यात व्यवसाय तगतो तो नारळावर. झावळ्या आणि नारळ उतरवण्याच्या कामात पैसे थोडे असतात, पण ते त्याच दिवशी हातात पडतात आणि त्यावर रोजंदारी निघते. शिवाय नारळाच्या निमित्ताने फाटकातून आत गेलेल्या माणसालाच पुढे मोठ्या झाडाबद्दल विचारणा होते. ही सोसायटीही तशीच, दोन हिवाळे नारळ उतरवल्यानंतर, ताईंकडे आली.

झाडाची हकीकत अशी होती. इमारत १९८० च्या दशकातली, पर्जन्यवृक्ष तिच्याही आधीचा, जागेवर बंगला असतानाचा. बुंध्यापासून साडेतीन-चार मीटरवर त्याच्या तीन मुख्य फांद्या फुटलेल्या होत्या. एक पार्किंगवर, एक रस्त्याच्या बाजूला आणि तिसरी गच्चीच्या दिशेने पण पार्किंगच्या कोपऱ्यावरून गेलेली होती. आदल्या वर्षी मे महिन्यातील वळवाच्या पावसात पार्किंगवरची एक जाड डहाळी मोडून एका गाडीच्या टपावर पडली. कार्यकारिणीच्या सभेत त्यावरून बराच वाद झाला आणि “झाड वरून निम्मे उतरवून घ्यावे” असा ठराव झाला. पहिल्या दोन ठेकेदारांनी या ठरावालाच दर लावला. ताईंनी पाहणीसाठी वेळ मागितला.

पाहणीत चार गोष्टी पुढे आल्या, आणि पुढचे सगळे प्रकरण त्यांच्याभोवती फिरले. पहिली अशी की हे झाड दहा-बारा वर्षांपूर्वी एकदा बोडके केले गेले होते. त्या वेळी सरळ आडव्या मारलेल्या कापांवर आता पानसोटांचे झुपके होते. एकाच जागेवरून सात-आठ कोंब निघून मनगटापेक्षा जाड झालेले, पण जोडाशी त्यांना आतल्या लाकडाचा आधार नाही, केवळ वरच्या थरांची पकड. गाडीवर पडलेली डहाळी अशाच एका झुपक्यातली होती. म्हणजे ज्या उपायाचा ठराव झाला होता, त्या उपायानेच मागचे नुकसान घडवले होते. दुसरी गोष्ट, बुंध्याला चिकटून पेव्हर ब्लॉक बसवलेले होते आणि त्याखाली काँक्रीटचा थर होता. तिसरी, खोडात जागोजागी खिळे आणि दिवाळीच्या माळांच्या जुन्या तारा सालीत रुतलेल्या होत्या. चौथी गोष्ट वॉचमनने सांगितली: गच्चीकडच्या फांदीवर “एक मोठी चोचवाला पक्षी दिवसभर येऊन काहीतरी देऊन जातो.”

तो राखी धनेश होता. या पक्ष्याची मादी विणीच्या काळात झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा व माती यांनी ढोलीचे तोंड लिंपून घेते. उरते ती केवळ एक उभी फट. पिल्ले वाढेपर्यंत नर त्या फटीतून तिला वड, पिंपळ, उंबराची फळे भरवत राहतो. पुण्यात ही वीण साधारण मार्च-एप्रिलपासून जूनपर्यंत चालते, म्हणजे नेमकी पावसाळापूर्व छाटणीच्या ऐन हंगामात. ज्या ढोलीत मादी बसली होती ती जुन्या कापाच्या जागी कुजून झालेली होती. साहजिकच तीन मुख्य फांद्यांपैकी सर्वांत कमकुवत फांदीही तीच होती.

दरपत्रकांतील अंतराचे मुख्य कारण या चारही गोष्टींत नव्हते. ते लाकडात होते. शहरातील झाडतोडीच्या कामात निघालेले लाकूड ठेकेदाराने न्यायचे, हा रिवाज इतका रुळलेला आहे की दरपत्रकात त्याचा उल्लेखसुद्धा नसतो. पाला आणि बारीक फांद्या ही ठेकेदारावरची डोकेदुखी असते, जाड ओंडके हा त्याचा नफा असतो. त्या हंगामात वखारवाला टनाला सुमारे ३,५०० रुपये देत होता. ठरावाप्रमाणे झाड निम्मे उतरवले असते तर मालकांच्या अंदाजाने चार टनांच्या आसपास जाड लाकूड निघाले असते, म्हणजे सुमारे १४,००० रुपयांचे. त्यामुळे १८,००० रुपयांचे दरपत्रक खरे तर ३२,००० चे होते. फरक इतकाच की त्यातील १४,००० रुपये सोसायटीच्या खात्यातून जात नव्हते, झाडातून जात होते.

या व्यवस्थेचा परिणाम सरळ आहे. जो ठेकेदार जास्त जाड फांद्या तोडेल त्याला कमी दर लावणे परवडते, आणि जो झाडाचा सांगाडा राखून केवळ टोकाकडचे ओझे कमी करतो त्याच्या पदरी पालाच अधिक पडतो. चांगल्या छाटणीत माणूस झाडाच्या परिघाकडे, म्हणजे सर्वांत अवघड आणि धोक्याच्या जागी जातो, वेळ दुप्पट घालवतो आणि विकण्याजोगे फारसे काही खाली आणत नाही. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारणारी सोसायटी नकळत सर्वांत जास्त तोडणाऱ्याची निवड करते. यात कोणाचा दुष्ट हेतू असण्याची गरज नाही. माझ्या मते शहरातील झाडांचे नुकसान अज्ञानाइतकेच या न लिहिलेल्या अटीनेही केले आहे.

ताईंचा ३९,००० चा हिशेब असा होता. दोन चढणाऱ्यांचे दोन दिवसांचे ७,२०० रुपये, ज्यात मालकांची स्वतःची मजुरीही धरलेली होती. खालच्या तिघांचे ५,४००. टेम्पोच्या तीन फेऱ्यांचे ७,५००. इंधन, साखळ्या आणि दोरांची झीज ३,०००. विमा आणि इतर कायम खर्चाचा वाटा ४,०००. पाहणी, महापालिकेच्या फेऱ्या आणि देखरेख यांचे ७,०००. हे ३४,१०० होतात आणि उरलेले ४,९०० नफा. अनेक लहान व्यावसायिक स्वतःची मजुरी आणि कागदपत्रांचा वेळ हिशेबात धरतच नाहीत. मग हंगाम संपल्यावर काम तर खूप झाले आणि हातात काहीच कसे उरले नाही, असा प्रश्न त्यांना पडतो. विम्याबाबतही एक नोंद आवश्यक आहे. कामगारांचा अपघात विमा ‘माळीकाम’ म्हणून काढला तर हप्ता कमी बसतो, पण उंचीवरून पडलेल्या माणसाच्या वेळी तोच शब्द आडवा येतो. या व्यवसायाच्या पॉलिसीत उंचीवरील काम आणि यंत्राने कापणी स्पष्ट लिहिलेली होती, आणि वरच्या ४,००० रुपयांतील मोठा भाग त्यासाठीच जात होता.

कार्यकारिणीपुढे ताईंनी हा हिशेब जसाच्या तसा ठेवला. सचिव निवृत्त बँक अधिकारी होते आणि आकड्यांना दाद देणारे होते, हे या प्रकरणात सुदैवाचे ठरले. “अहो ताई, तुम्ही दुसऱ्याच्या नफ्याचा हिशेब आम्हाला कशाला सांगता?” असे ते आधी म्हणाले. त्यावर ताईंचे उत्तर होते, “काका, तो नफा तुमच्या झाडाचा आहे, म्हणून सांगते. माझ्या दरात लाकूड धरलेलेच नाही. जे निघेल ते काट्यावर तोलू आणि पैसे सोसायटीला जमा करू.” या एका अटीने बोलण्याचा सूर बदलला. खजिनदारांनी पाला आवारातच खतासाठी ठेवता येईल का, असे विचारले. पर्जन्यवृक्ष शेंगवर्गीय असल्याने त्याचा पाला चांगला कुजतो आणि सोसायटीकडे खड्डा होताच. टेम्पोची एक फेरी वाचली आणि दर ३६,५०० वर आला.

धनेशाचा प्रश्न मात्र असा आकड्यांनी सुटणारा नव्हता. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी व घरटी विस्कळीत करणेही येते, त्यामुळे त्या फांदीला जूनपर्यंत हात लावता येणार नव्हता. पण कार्यकारिणीला भीती होती ती त्याच फांदीची. ताईंनी काम दोन टप्प्यांत विभागले. पहिल्या टप्प्यात, वळीव सुरू होण्याआधी, पार्किंगकडच्या आणि रस्त्याकडच्या फांद्यांवरील पानसोट विरळ करणे, वाळलेले लाकूड काढणे आणि टोकाचे ओझे कमी करणे. दुसऱ्या टप्प्यात, पाऊस उलटल्यावर, ढोलीच्या फांदीचे काम. पहिल्यासाठी २४,००० आणि दुसऱ्यासाठी १२,५०० रुपये. मधल्या काळात त्या फांदीखालच्या तीन गाड्यांच्या जागा रिकाम्या ठेवायच्या, तेथे पिंपे उभी करून पट्टा मारायचा आणि हा निर्णय सोसायटीने स्वतःच्या सहीने लिहून द्यायचा. या शेवटच्या अटीवर सर्वाधिक वाद झाला. ज्यांची जागा जाणार होती त्यांपैकी एका सभासदाने “पक्ष्याला पार्किंग आणि आम्ही रस्त्यावर?” असे विचारले, आणि खरे सांगायचे तर त्यांच्या बाजूनेही बोलण्यासारखे होते. सही झाली, पण ती नाइलाजाने.

परवानगीचा भाग थोडक्यात सांगतो. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार ‘झाड तोडणे’ याच्या अर्थात झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणेही येते. त्यामुळे आवार खासगी असले तरी महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने अंदाजे ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षांचा वेगळा दर्जा दिला. हे झाड त्या वयाच्या आसपास होते, पण पर्जन्यवृक्ष फार झपाट्याने वाढतो, त्यामुळे केवळ घेरावरून त्याचे वय ठरवणे धोक्याचे असते. ताईंनी अर्जात झाड बंगल्याच्या काळातले असल्याचे लिहिले, छाती एवढ्या उंचीवरचा घेर दिला, फांद्यांना क्रमांक देऊन छायाचित्रे जोडली आणि घरट्याची नोंद स्वतःहून केली. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी पहिल्या टप्प्याचीच परवानगी दिली. त्यात आठवडे गेले आणि सोसायटी अस्वस्थ झाली. दुसरा ठेकेदार “परवानगीचे मी बघतो” असे सांगत होता. हे वाक्य या व्यवसायात वरचेवर ऐकू येते. परवानगीचा अर्ज जागेच्या मालकाच्या नावे असतो, म्हणून पंचनामा झाला तर त्यात सोसायटीचेही नाव येते, एवढेच ताईंनी सचिवांना सांगितले.

प्रत्यक्ष काम मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात झाले. सकाळी साडेसहाला गाड्या हलवायच्या होत्या. एक गाडी हललीच नाही, कारण तिचे मालक परदेशात होते आणि किल्ली कोणाकडेच नव्हती. तिच्यावर जुन्या गाद्या आणि प्लायवूड टाकून त्या बाजूचे प्रत्येक लाकूड दोराने उतरवावे लागले. दर ठरवताना ‘रिकामे पार्किंग’ गृहीत धरलेले असते आणि ते क्वचितच रिकामे मिळते. अर्धा दिवस या एका गाडीने खाल्ला.

कापण्याची पद्धत येथे थोडी तपशिलात द्यावी लागेल, कारण काम नीट झाले की नाही हे सोसायटीला खालून उभे राहून तपासता येते ते यावरूनच. जाड फांदी एकाच घावात कापली तर ती पूर्ण तुटण्याआधी स्वतःच्या वजनाने खाली जाते आणि बुंध्याची साल हातभर सोलून नेते. म्हणून आधी जोडापासून थोड्या अंतरावर खालच्या बाजूने फांदीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत काप घेतात, मग त्याच्या किंचित पुढे वरून कापून फांदी सोडतात, आणि उरलेला खुंट शेवटी जोडाशी असलेल्या फुगीर कड्याच्या लगत, पण कड्याला धक्का न लावता, काढतात. झाड माणसाच्या कातडीसारखी जखम भरून काढत नाही. ते जखमेभोवती आतून भिंती घालून कूज कोंडते. अमेरिकेच्या वनसेवेतील ॲलेक्स शिगो यांनी १९७० च्या दशकात हे सविस्तर मांडले. तो फुगीर कडा म्हणजे त्या भिंतींची तयारीची जागा असते. फांदी आखूड करायची असेल तर कापाची जागा अशी निवडतात की तेथे मूळ फांदीच्या किमान तिसऱ्या हिश्शाइतकी जाड उपफांदी असेल, म्हणजे ती पुढचा ताबा घेते आणि पानसोटांचा झुपका उठत नाही. एका हंगामात एकूण पानोऱ्याचा चौथा हिस्सा ही वरची मर्यादा मानली जाते. जुन्या बोडक्या झाडावर तेवढेही जास्त होते, असे मालकांचे मत होते आणि त्यांनी त्याहून कमीच काढले.

वजनाचा अंदाज नसलेल्याला हे काम सोपे वाटते. ३० सेंटिमीटर जाडीच्या ओल्या फांदीचा एक मीटर लांबीचा तुकडा ६० ते ७० किलोंच्या घरात जातो, आणि तो आठ मीटर उंचीवरून सुटला तर फरशी फुटते. तुकडा बांधायचा, दोर वरच्या बेचक्यातील कप्पीतून खाली आणून खोडाला दोन-तीन वेढे द्यायचे आणि खालच्या माणसाने घर्षणावर तो हळूहळू सोडायचा. वरून “धर”, खालून “धरला”, मग काप, मग “सोड” असा क्रम असतो. खालून उत्तर आल्याखेरीज यंत्र सुरू होत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चेनसॉ खिळ्यावर गेली, ठिणगी उडाली आणि नवी साखळी निकामी झाली. पुण्यात झाडांचे खिळे उपटण्याच्या मोहिमा झाल्या, तरी आवारांच्या आतले खिळे बहुतेक तसेच आहेत. त्यानंतर सालीवर धातू शोधत हाताच्या करवतीने काम चालले आणि दोन दिवसांचे काम तिसऱ्या दिवसाच्या दुपारपर्यंत गेले. नफ्याचे ४,९०० रुपये बहुतांशी येथेच संपले.

जाड लाकूड काट्यावर ६४० किलो भरले. त्याचे २,२४० रुपये सोसायटीच्या खात्यात जमा झाले. कापांवर गेरू किंवा डांबर का लावले नाही, अशी विचारणा झाली. लेपाने कूज थांबत नाही, उलट ओल आत कोंडते, हे समजावूनही दोन सभासदांचे समाधान झाले नाही. रंग लावलेला काप पूर्ण झालेल्या कामासारखा दिसतो, हे त्यांचे म्हणणे मात्र अगदीच चुकीचे नव्हते. बुंध्याभोवतीचे पेव्हर ब्लॉक काढण्याचे काम ताईंनी सुचवले होते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता, हेही त्यांनी पत्रात लिहिले. सोसायटीने ते ‘पुढे बघू’ म्हणून ठेवले आणि ते आजही तसेच आहे.

जूनच्या पहिल्या वादळी पावसात झाडाचे काही पडले नाही. यावरून काही सिद्ध होत नाही. एका वर्षाच्या पावसावरून छाटणीची परीक्षा होत नसते. धनेशाची पिल्ले जूनअखेर बाहेर पडली. पण पिंपे ऑक्टोबरपर्यंत तेथेच राहिली आणि त्यांच्यावरची नाराजी वाढत गेली. सप्टेंबरमध्ये वार्षिक सर्वसाधारण सभा झाली, कार्यकारिणी बदलली आणि सचिवही बदलले. दुसऱ्या टप्प्याचा उल्लेख ताईंच्या दरपत्रकात होता, जुन्या कार्यकारिणीच्या इतिवृत्तातही होता, पण त्याचा वेगळा कार्यादेश निघालेला नव्हता आणि आगाऊ रक्कमही घेतलेली नव्हती. नव्या कार्यकारिणीने पुन्हा दरपत्रके मागवली. तिच्या दृष्टीने पाहिले तर ते रीतसरच होते.

या वेळी मात्र एक गोष्ट वेगळी झाली. जुने सचिव सभासद म्हणून अजून सभेत होते आणि त्यांनी आग्रह धरला की सर्वांकडून ताईंच्या तपशिलावरच दर मागवावेत: क्रमांक दिलेल्या फांद्या, प्रत्येकीवर रंगाचा ठिपका, ढोलीच्या खालचा सांगाडा राखायचा आणि लाकूड सोसायटीचे. दरपत्रके आली तेव्हा एप्रिलमध्ये १८,००० मागणाऱ्या ठेकेदाराचा दर ११,००० होता आणि ताईंचा १२,५००. एप्रिलमध्ये दोघांत २१,००० रुपयांचे अंतर होते. लाकूड हिशेबातून बाहेर काढल्यावर ते १,५०० वर आले. काम ११,००० वाल्याला गेले.

आणि त्याने ते बऱ्यापैकी नीट केले. नोव्हेंबरमध्ये मालक नारळासाठी त्याच आवारात गेले होते, तेव्हा त्यांनी कापांची पाहणी केली. ठिपके होते तेथेच काप होते, ढोली शाबूत होती. एका ठिकाणी खालून काप न घेतल्याने साल वीतभर फाटलेली होती. बाकी हरकत घेण्यासारखे काही नव्हते. म्हणजे तोच माणूस, ज्याने एप्रिलमध्ये झाड निम्मे उतरवण्याचा दर दिला होता, त्याला काय करायचे ते लिहून दिल्यावर आणि ओंडक्यांचा मोह काढून घेतल्यावर त्याने झाड राखले. झाडाच्या दृष्टीने प्रकरण समाधानकारक झाले. व्यवसायाच्या दृष्टीने ताईंनी पाहणी, तपशील आणि क्रमांकन हे सर्व फुकट करून दिले आणि त्याचा उपयोग प्रतिस्पर्ध्याने केला.

त्यांच्या व्यवहारात त्यानंतर दोन बदल झाले. दोन टप्प्यांच्या कामात दोन्ही टप्प्यांचा कार्यादेश एकत्र घेतला जातो आणि दुसऱ्या टप्प्याची तीस टक्के रक्कम पहिल्याच वेळी भरावी लागते. मधल्या काळात पार्किंग रिकामे ठेवण्याची मुदतही तारखेसह लिहिली जाते. मोठ्या झाडाच्या पाहणीला आता २,५०० रुपये आकारले जातात. त्या बदल्यात सोसायटीला छायाचित्रांसह लेखी तपशील मिळतो, जो तिने कोणाकडूनही करून घ्यावा. काम ताईंनाच दिले तर ही रक्कम बिलातून वळती होते. मला हा दुसरा बदल अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण झाड पाहणारा आणि झाड तोडणारा यांचे पैसे वेगळे झाल्याखेरीज पाहणाऱ्याच्या सल्ल्यावर सोसायटीचा विश्वास बसणे अवघड आहे. अर्थात पाहण्याचे पैसे म्हटल्यावर निम्म्याहून अधिक सोसायट्या फोन ठेवतात. ज्या ठेवत नाहीत त्यांच्याकडे वसुली मात्र वेळेवर होते, असा ताईंचा अनुभव आहे. नारळाच्या कामांना हे शुल्क लागू नाही.